कुकडीच्या खोऱ्यातील घड्याळे

जुन्नर हे नाव घेतले की आपल्याला प्रथम शिवनेरी आठवतो, आणि ते योग्यच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत शिवनेरीचा समावेश आहे. शाळांच्या सहली तेथे पूर्वीही जात होत्या, आता त्या वाढतील. परंतु पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेल्या या भागात, कुकडी नदीच्या खोऱ्यात, पाहण्यासारखे आणखी बरेच काही आहे. लाखो वर्षांपूर्वीची ज्वालामुखीची राख आहे, दोन हजार वर्षांपूर्वी दगडात कोरलेले अंक आहेत, दोनशेच्या आसपास लेणी आहेत आणि विश्वाच्या दूरच्या भागातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी प्रचंड दुर्बीण आहे.

या सर्व स्थळांवर गेल्यावर मुलांना एकच गोष्ट हमखास सांगितली जाते, ती म्हणजे काळ. 'हे इतक्या वर्षांपूर्वीचे', 'ते तितक्या वर्षांपूर्वीचे'. मुले ते आकडे वहीत उतरवून घेतात आणि पुढे चालू लागतात. एखादा चौकस विद्यार्थी मात्र विचारतो, "कशावरून?" या लेखात आपण त्या विद्यार्थ्याच्या बाजूने विचार करणार आहोत. प्रत्येक स्थळाचे वय कोणत्या घड्याळाने मोजले, ते घड्याळ किती भरवशाचे आहे, आणि ते चालू राहायला काय शिल्लक असावे लागते, हे पाहू.

बोरीची राख

कुकडी नदी नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते, जुन्नरजवळून पूर्वेकडे वाहते आणि पुढे घोड नदीला मिळते. तिच्या काठी बोरी नावाचे गाव आहे. तेथे नदीने कापलेल्या गाळाच्या दरडीत एक फिकट, पांढुरका, हाताला पिठासारखा लागणारा थर आहे. १९८० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील संशोधकांनी त्याकडे लक्ष वेधले. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता या पिठात काचेचे बारीक, वाकडे तुकडे दिसतात. विजेचा दिवा फुटल्यावर त्याच्या काचेचे तुकडे जसे बाकदार असतात, तसेच हे. ज्वालारसातील वायूचे बुडबुडे फुटून अशा काचा तयार होतात. म्हणजे ही ज्वालामुखीची राख आहे.

येथे एक गैरसमज टाळायला हवा. सह्याद्री ज्वालामुखीच्या लाव्हारसापासूनच बनला आहे, तेव्हा राख त्याचीच असेल, असे कोणालाही वाटेल. पण दख्खनचा काळा कातळ सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आहे, आणि नदीकाठचा हा गाळ त्या मानाने कालपरवाचा. शिवाय राखेची रासायनिक घडण बेसॉल्टशी जुळत नाही, तिच्यात सिलिका पुष्कळ जास्त आहे. ती जुळते इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरच्या टोबा या ज्वालामुखीशी. टोबा येथून तीन हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे! वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली राख जुन्नर तालुक्यात उतरली आणि गाळाखाली गाडली गेली.

या राखेला महत्त्व आले ते दुसऱ्या कारणाने. तिच्याशी निगडित थरांत अश्मयुगीन माणसाच्या दगडी हातकुऱ्हाडी सापडल्या. दगडी हत्याराचे वय थेट मोजता येत नाही, कारण मोजणी केली तर दगडाचे वय मिळेल, हत्यार घडवल्याचे नव्हे. पण राखेचे वय कळले, तर हत्यारांच्या काळाचा अंदाज बांधता येतो.

राखेचे वय मोजायला पोटॅशियम-आर्गॉन पद्धत वापरतात. निसर्गातील पोटॅशियममध्ये पोटॅशियम-४० या किरणोत्सारी अणूंचा अगदी लहान अंश असतो. त्यांतील काहींचे हळूहळू आर्गॉन या वायूत रूपांतर होते. पोटॅशियम-४० चा अर्धायुष्यकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. ज्वालारस वितळलेला असताना त्यातला जुना आर्गॉन निघून जातो आणि घड्याळ शून्यावर येते. थिजल्यानंतर नव्याने साठलेला आर्गॉन मोजला की किती काळ लोटला ते कळते.

बोरीच्या राखेचे पहिले उत्तर आले सुमारे १४ लाख वर्षे. नंतरच्या एका मापनाने सुमारे ६ लाख ७० हजार वर्षे सांगितली. इतर काही संशोधकांनी काचेचे रासायनिक पृथक्करण करून म्हटले की ही राख टोबाच्या शेवटच्या महाउद्रेकाची, म्हणजे सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीची आहे. एकविसाव्या शतकातील आर्गॉन-मापनांनी पारडे पुन्हा सात-आठ लाख वर्षांकडे झुकवले.

एकाच पांढऱ्या थराबद्दल इतका फरक का? विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवता येईल असे एक गणित पाहा. समजा राख खरोखर ७५ हजार वर्षांची आहे, पण नदीने वाहून आणलेले जुन्या कातळाचे कण तिच्यात मिसळले आहेत. नमुन्यातील एकूण पोटॅशियमपैकी शंभरातील एक भाग जरी त्या ६ कोटी ६० लाख वर्षांच्या खडकाचा असला, तरी उत्तरात ६ लाख ६० हजार वर्षांची भर पडते. म्हणजे एक टक्का भेसळीने ७५ हजारांचे सव्वासात लाखांहून अधिक होतात! म्हणून नमुना शुद्ध करणे आणि उरलेली भेसळ ओळखणे, यावर नंतरच्या मापनांत मोठी मेहनत घेतली गेली. दुसऱ्या बाजूलाही अडचण आहे. टोबाचे महाउद्रेक एकाहून अधिक वेळा झाले. एकाच ज्वालामुखीची राख रासायनिक दृष्ट्या एकमेकींसारखी असणारच. भावंडांचे चेहरे सारखे दिसतात म्हणून त्यांची वये सारखी ठरत नाहीत, तसेच हे.

हा वाद चालू राहू शकला याचे कारण काय? राखेचा थर जागेवर होता. उपकरणे सुधारली तसे संशोधक पुन्हा नमुने घेऊ शकले, तेव्हा न सुचलेला प्रश्न नंतर विचारू शकले. वारसा जपायचा तो एवढ्यासाठी. बोरीच्या थराला बुरूज नाहीत, दरवाजा नाही. फावड्याने सहज निघेल इतका तो मऊ आहे. एखाद्याने तो पसरवून टाकला, तर त्याबरोबर चौदा लाख, आठ लाख की पाऊण लाख हा प्रश्नही पसरून जाईल.

इनामगावचा कोळसा

कुकडी ज्या घोड नदीला मिळते, त्या घोडच्या काठी शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून पुढे अनेक हंगाम डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी या पुरातत्त्वज्ञांची नावे त्याच्याशी जोडलेली आहेत. महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे हे गाव. तेथे घरांच्या जमिनी, चुली, धान्याचे जळके दाणे, पाटबंधाऱ्याचे अवशेष आणि घराच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून केलेली लहान मुलांची दफने मिळाली. वस्तीचा काळ ठरला साधारण इ.स.पूर्व १६०० ते ७००.

येथील घड्याळ कार्बन-१४ चे आहे. झाड जिवंत असेपर्यंत हवेतील कार्बन घेते, त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. झाड मेले की पुरवठा थांबतो आणि असलेला कार्बन-१४ दर ५७३० वर्षांनी निम्मा होत जातो. चुलीतला कोळसा म्हणूनच मोलाचा.

मग हेच घड्याळ बोरीला का वापरले नाही? राखेत सेंद्रिय कार्बन नाही, हे एक कारण. दुसरे असे की सुमारे ५० हजार वर्षांत कार्बन-१४ मूळच्या चारशेव्या हिश्शाहूनही कमी उरतो आणि खात्रीने मोजणे अवघड होते. पोटॅशियमचे घड्याळ इतके संथ आहे की इनामगावच्या तीन हजार वर्षांत त्याचा काटा हलल्याचे जेमतेम जाणवेल. सोन्याचा तराजू धान्य मोजायला वापरत नाहीत, आणि धान्याचा सोने तोलायला!

नाणेघाटातील अंक

आता नदीच्या उगमाकडे जाऊ. कल्याणहून मुरबाडमार्गे वैशाखरे गावाजवळून जी वाट सह्याद्री चढते, ती नाणेघाटाने जुन्नरच्या पठारावर येते. कोकणातील बंदरे आणि देशावरील पेठा यांना जोडणारी ही प्राचीन व्यापारी वाट. माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे, तो जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा सांगते.

घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातील एक गुहा आहे. तिच्या डाव्या आणि उजव्या भिंतींवर प्राकृत भाषेत, ब्राह्मी लिपीत मोठा शिलालेख कोरला आहे. राणी नागनिकेशी तो जोडला जातो. त्यात अश्वमेध, राजसूय इत्यादी यज्ञ केल्याचे आणि त्या वेळी दिलेल्या गायी, घोडे, हत्ती आणि कार्षापण नाण्यांच्या दक्षिणेचे वर्णन आहे. दक्षिणा सांगायची म्हणजे आकडे आले. आणि हे आकडे शब्दांत न लिहिता चिन्हांनी लिहिले आहेत! भारतीय अंकचिन्हांच्या सर्वांत जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली या अंकांवर निबंध प्रसिद्ध केला.

लेखात १२, १७, २८९, १७००, ११०००, २४४०० अशा संख्या आहेत. पण त्या आपल्या पद्धतीने लिहिलेल्या नाहीत. येथे शून्य नाही आणि स्थानिक किंमतही नाही. दहासाठी वेगळे चिन्ह, विसासाठी वेगळे, ऐंशीसाठी वेगळे, शंभर आणि हजार यांसाठी वेगळे. १७ लिहायचे तर दहाचे चिन्ह काढून पुढे सातचे चिन्ह काढायचे. शंभराच्या चिन्हाला एक रेघ जोडली की दोनशे, दोन रेघा जोडल्या की तीनशे. त्यापुढे चारशेसाठी शंभराच्या चिन्हाला चार जोडायचे. २४४०० म्हणजे वीस हजार, चार हजार आणि चारशे, अशी तीन जोडचिन्हे.

वर्गात करून पाहण्यासारखे आहे. या पद्धतीत एक ते नऊची नऊ चिन्हे, दहा ते नव्वदची नऊ, शंभर आणि हजार, अशी वीस चिन्हे पाठ करावी लागतील. आपल्याला दहाच पुरतात. मुलांना स्वतःची वीस चिन्हे बनवू द्या आणि मग २८९ मध्ये १७ मिळवायला सांगा. बेरीज होईल, पण गुणाकार सांगितला की ती वैतागतील. शून्य आणि स्थानिक किंमत या कल्पनांनी काय साधले, हे पाठ्यपुस्तकातील परिच्छेदापेक्षा त्या वैतागातून अधिक चांगले कळते.

या लेखाचा काळ कसा ठरवला? त्यावर सन नाही. येथील घड्याळ अक्षरांच्या वळणाचे आहे. जुनी छापील पुस्तके पाहताना खिळ्यांच्या वळणावरून आपण त्यांचा काळ साधारण ओळखतो, तसेच ब्राह्मी अक्षरांचे वळण अशोकाच्या लेखांशी आणि नंतरच्या लेखांशी ताडून पाहतात. हे घड्याळ ढोबळ आहे. त्यात तासकाटा असतो, मिनिटकाटा नसतो. म्हणून नाणेघाटाचा लेख काही विद्वान इ.स.पूर्व दुसऱ्या शतकातला मानतात, तर काही पहिल्या शतकातला.

याच गुहेच्या मागच्या भिंतीवर आणखी एक गोष्ट पाहावी. तेथे सातवाहन घराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. सिमुक सातवाहन, नागनिका आणि राजा सातकर्णी, राजकुमार, महारठी त्रणकयिर अशी त्यांची नावे वर कोरली आहेत. ती नावे आजही वाचता येतात. मूर्ती मात्र नाहीत, उरल्या आहेत त्या पावलांच्या खुणा. दोन हजार वर्षांपूर्वीचे महाराष्ट्राचे राजे कसे दिसत, राणीने कोणते दागिने घातले होते, वस्त्र कसे नेसले होते, याचे उत्तर या भिंतीवर होते. आज कितीही चांगली उपकरणे आणली तरी ते मिळणार नाही. बोरीत पुरावा उरला म्हणून प्रश्न जिवंत राहिला, येथे पुरावा गेला आणि प्रश्न कायमचा मिटला, उत्तर न मिळताच.

लेण्यांतील 'वर्ष ४६'

जुन्नरभोवतीच्या तुळजा, लेण्याद्री, मानमोडी आणि शिवनेरी या डोंगरांत मिळून दोनशेच्या आसपास लेणी आहेत. एका गावाभोवती इतकी लेणी भारतात अन्यत्र आढळत नाहीत. तुळजा लेण्यांतील गोल चैत्यगृह, ज्यात स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब वर्तुळात उभे आहेत, ते तर अगदी दुर्मीळ प्रकारचे.

येथील दानलेख छोटे आहेत, एक-दोन ओळींचे. पण त्यांतून समाज दिसतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि एक 'पोढी', म्हणजे पाण्याचे टाके, दान दिले असे एक लेख सांगतो. काही दाते स्वतःला 'यवन' म्हणवतात. घाटमार्गे येणारा व्यापार कुठवर पसरला होता, हे त्या एका शब्दावरून कळते.

मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि तिच्यावर चक्क साल आहे: वर्ष ४६. प्रश्न सुटला असे वाटते ना? पण वर्ष ४६ कोणत्या गणनेचे? शक मानला तर ४६ अधिक ७८, म्हणजे इ.स. १२४. ती राजाच्या कारकिर्दीची वर्षे किंवा दुसरीच गणना मानली, तर उत्तर बदलते. आकडा बिनचूक असूनही त्याचा शून्यबिंदू माहीत नसेल, तर काळ कळत नाही. तापमापीवरील ४० हा आकडा सेल्सिअस आहे की फॅरनहाइट हे न सांगता लिहिला तर जे होईल तेच येथे होते.

शिवनेरीची तिथी

शिवनेरीवर आल्यावर वाटते की आता तरी तारीख पक्की. पण छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथीही पुराव्यांच्या छाननीतूनच ठरली आहे. उत्तरकालीन बखरींवरून पूर्वी १६२७ हे साल सांगितले जाई. पुढे लोकमान्य टिळकांनी प्रसिद्धीस आणलेल्या जेधे शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी नोंद मिळाली. महाराजांच्या काळातच रचलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारताने तिला दुजोरा दिला. आज १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृतपणे मानली जाते.

येथेही एक छान गणित आहे. शके १५५१ मध्ये ७८ मिळवले तर १६२९ येतात, मग १६३० कसे? शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. फाल्गुन हा शेवटचा महिना येईपर्यंत इंग्रजी वर्ष बदललेले असते, म्हणून तेथे ७९ मिळवायचे. आणखी खोलात जायचे तर, १९ फेब्रुवारी ही तारीख जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेची आहे. आज आपण वापरतो त्या ग्रेगोरियन दिनदर्शिकेप्रमाणे तो दिवस १ मार्च १६३० होता. वार मात्र दोन्हींत शुक्रवारच. गणिताच्या शिक्षकांनी हा वार विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. शकावलीतील नोंद तपासण्याची ती एक स्वतंत्र कसोटीच आहे.

खोडदच्या तबकड्या

नारायणगावजवळ आर्वी येथे १९७१ मध्ये भारताचे उपग्रह दळणवळणाचे 'विक्रम' भूकेंद्र सुरू झाले. तेथून जवळच खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी, उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात वाय अक्षराच्या आकारात पसरल्या आहेत. तबकडीचा पृष्ठभाग पत्र्याचा नसून ताणून बसवलेल्या बारीक तारांच्या जाळीचा आहे. वारा आरपार जातो, त्यामुळे सांगाडा हलका आणि कमी खर्चाचा झाला. २०२० मध्ये विद्युत अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयईईईने, या दुर्बिणीला 'मैलाचा दगड' हा मान दिला. म्हणजे तीही आता वारशात जमा झाली.

हायड्रोजनचे अणू २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतात. विश्व प्रसरण पावत असल्याने दूरच्या दीर्घिकेकडून येताना ही लहर ताणली जाते. ती जितकी ताणलेली, तितका तिचा प्रवास लांब. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका निरीक्षणात जीएमआरटीने अशी लहर टिपली की जी येथे पोहोचेपर्यंत सुमारे ४८ सेंटिमीटरची झाली होती. ती निघाली तेव्हापासून सुमारे ८८० कोटी वर्षे लोटली होती. तालुक्यातील सर्वांत जुना पुरावा दगडात नाही, आकाशातून येतो! पण तो फार क्षीण असतो. आजूबाजूचे मोबाइल आणि यंत्रे यांच्या रेडिओ गोंगाटात तो बुडून जाऊ शकतो. कोऱ्या भिंतीवर नाव कोरल्याने जुना लेख जसा झाकतो, तसाच प्रकार.

सहलीला जाताना

शिक्षकांनी या परिसरात सहल काढली तर मुलांच्या वहीत दोन रकाने करायला सांगावेत: 'काय सांगितले' आणि 'कशावरून'. दुसरा रकाना रिकामा राहिला तर तो रिकामाच ठेवू द्यावा, शाळेत परतल्यावर ग्रंथालयात बसून भरता येईल. शिलालेखाला हात लावू नये, खडूने अक्षरे गिरवू नयेत, छायाचित्र घेताना शेजारी मोजपट्टी दिसेल असे पाहावे. नदीकाठी दगडी हत्यार दिसले तर ते खिशात घालू नये. थरातून उचललेले हत्यार म्हणजे घड्याळातून काढलेला काटा, त्यावरून वेळ कळत नाही. खोडदला दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास प्रदर्शन भरते, ते जरूर पाहावे.

आपल्या प्रत्येकाच्या तालुक्यात जागतिक वारशाच्या यादीतील किल्ला नसतो. पण नदीची दरड, जुनी बारव, देवळाच्या उंबऱ्यावरची झिजलेली ओळ, वीरगळ हे कोठेही असते. त्यांचे वय आज आपल्याला सांगता आले नाही तरी बिघडत नाही. आज वर्गात बसलेल्या मुलांपैकी कोणी तरी उद्या अधिक चांगले घड्याळ घेऊन तेथे जाईल. त्या वेळी मोजायला तेथे काही तरी शिल्लक असले पाहिजे.